ताण पोटात उतरतो तेव्हा

केजच्या बाजारपेठेतील व्यापाऱ्याचे वर्ष शेतकऱ्याच्या वर्षाला बांधलेले असते. धनेगावच्या मांजरा धरणात पाणी आले, सोयाबीन हाती लागले, तर वहीतील उधारी वसूल होते. पाऊस हुकला की ती पुढील हंगामावर जाते, घाऊक व्यापाऱ्याचे देणे मात्र थांबत नाही. हा ताण कोणी बोलून दाखवीत नाही. गादीवर बसणाऱ्याने चेहरा शांत ठेवावा, अशी आपली रीतच आहे. शरीर मात्र त्याची नोंद ठेवते.

संकट अचानक आले तर भूक मरते; ते ॲड्रिनलिनचे काम. चिंता महिनोन् महिने टिकली, की मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक अधिक स्रवू लागते. ते भूक वाढविते, आणि तीही भाकरीची नव्हे, गोडाची व तळलेल्याची. अशा खाण्याने मन घटकाभर खरोखरच निवते. म्हणूनच ते पुन्हा पुन्हा घडते.

बहुतेकांचे तेवढ्यावर थांबते. काहींचे थांबत नाही. भूक नसताना, घाईघाईने, एकांतात, पोट तडस लागेपर्यंत खाणे. हात आवरत नाही ही जाणीव. मागाहून स्वतःचीच किळस. असे आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने घडत राहिले, तर त्यास ‘बिंज ईटिंग डिसऑर्डर’ म्हणतात. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ मध्ये अशा खाण्याचे वर्णन केले. तेथील मनोविकारांच्या अधिकृत सूचीत स्वतंत्र आजार म्हणून त्यास स्थान मिळाले ते २०१३ मध्ये. हा आजार सडपातळ माणसासही होतो, हे सुनेच्या अंगलटीवर बोलणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आपल्या घरांत याला आणखी एक पदर आहे. चौविहार पाळणाऱ्या घरात रात्री फरसाणाचा डबा उघडणाऱ्याला दुहेरी अपराध वाटतो: अति खाल्ले आणि नियमही मोडला. तो कोणास सांगत नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःला शिक्षा म्हणून उपवास करतो. खरा फास येथेच आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. पुढे अन्न मोकळे झाल्यावर त्यांतील अनेकांना पोट भरले तरी खाणे थांबविता येईना.

याचा दोष तपाला देणे अन्यायाचे होईल. समभावाने, पच्चक्खाण घेऊन केलेला उपवास निराळा आणि स्वतःवरील रागातून केलेली उपासमार निराळी. ऊणोदरीतही भुकेपेक्षा थोडे कमी खायचे असते, म्हणजे आधी भूक ओळखावी लागते. या आजारात नेमकी तीच ओळख पुसट होते. म्हणून अशा व्यक्तीने पर्युषणात अठाईचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि गुरुमहाराजांपाशी अडचण मोकळेपणाने मांडावी. मधुमेह असल्यास हे अधिकच अगत्याचे.

उपचाराचा पाया म्हणजे वर्तन व विचार यांवर काम करणारी मानसोपचार पद्धती आणि ठरल्या वेळी जेवण. दुकानदाराचे दुपारचे जेवण चारवर जाते, सूर्यास्तापूर्वीचे गिऱ्हाइकांत हुकते, आणि दुकान वाढवून घरी येईतो शरीर हटून बसलेले असते. बाराचा डबा बारालाच आणि संध्याकाळचा साडेपाचला दुकानात पोहोचविणे घरच्यांना जमण्याजोगे आहे. रात्री डबा रिकामा दिसला, तर त्याची चर्चा सर्वांसमक्ष करू नये.

केजकरांना अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. तेथवर जाण्याचा संकोच वाटत असेल, तर शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य आहे, आणि तेथे मराठीतही बोलता येते.