पॉवर स्टिअरिंगची तेलगळती

सोलापुरांतील सात रस्त्यावर गर्दींतून वळतांना जुन्या मोटारीचें स्टिअरिंग एकाएकीं जड झालें व इंजिनाकडून कण्हल्यासारखा आवाज आला, तर तेल गळाल्याचा संशय घ्यावा. १९५१ सालीं क्रायस्लरनें विक्रीच्या मोटारींत आणलेली ही सोय पंपाच्या तेलदाबावर चालते. दाब गेला तरी चाकें वळतात. पण बळ फार लागतें, आणि ऐन चौकांत तेवढा विलंबही घातक ठरतो.

येथील उन्हाळ्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो. त्या तापानें व वयोमानानें रबरी नळ्या, सीलें कडक होऊन चिरतात. रात्रीं गाडीखालीं पुठ्ठा पसरावा. सकाळचा डाग, बहुधा लालसर, गळतीची जागा दाखवितो. नुसतें तेल ओतीत राहणें हा उपाय नव्हे; पंप झिजतो, आणि सायलेन्सरच्या तप्त नळीवर थेंब पडल्यास आगीचें भय. ब्रेकचें तेल तर मुळींच घालूं नये. तें सीलें नासवितें. पुष्कळदां एक नळी बदलून भागतें.