सरहद्दीवरचें उदगीर

यंदा आमच्या शाळेची सहल उदगीरचा किल्ला पाहण्यास गेली होती. खोल खंदक व भक्कम तट पाहून मुलांनीं विचारलें, "येथें एवढा बंदोबस्त कशासाठीं?"

ह्याचें उत्तर भूगोलांत आहे. उदगीर मराठी व कानडी मुलखांच्या सीमेवर, बीदरच्या वाटेवर वसलेलें आहे. म्हणून ज्यास हा प्रांत राखावयाचा, त्यास हा किल्ला हातीं हवा असे. इ. स. १६३६ मध्यें तो शहाजहानच्या सैन्यानें घेतला. पुढें ३ फेब्रुवारी १७६० रोजीं ह्याच परिसरांत, औशाच्या बाजूस, सदाशिवरावभाऊंनीं निजामाचा पराभव केला. तहांत दौलताबाद, अहमदनगर, बऱ्हाणपूर, विजापूर व सुमारें ६० लक्षांचा मुलूख मराठ्यांस मिळाला.

त्या वेळीं भाऊंचा तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी पूर्वीं निजामाच्याच चाकरींत होता. पुढें १७६१ त पानिपतावर त्यानें मरण पत्करलें, पण धनी सोडला नाहीं. इमान जातिधर्म पाहत नाहीं, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

१९५६ पर्यंत उदगीर बीदर जिल्ह्यांत होतें. आज तें लातूर जिल्ह्यांत आहे. बाजारांत अजूनहि मराठी, कानडी व उर्दू कानीं पडतात. सीमा राज्यकर्ते आंखतात व पुसतात; शेजारी मात्र तोच राहतो. त्याजवर प्रीति करणें हेंच आपलें कर्तव्य होय.