कामाची पँट : किमतीआधी कापड पाहा, शिवण पाहा

सोलापूर : वेल्डर, गवंडी, फरशी बसविणारा, वायरमन, प्लंबर, यंत्रमाग कामगार. प्रत्येकाचे काम वेगळे, धोकाही वेगळा. मात्र, अनेकांच्या अंगावर पँट दिसते ती एकाच प्रकारची. बाहेर घालून जुनी झालेली टेरिकॉटची, नाहीतर स्वस्तातली जीन्स. हेल्मेट, हातमोजे आणि बूट यांबद्दल आता थोडीफार जागरूकता आली आहे. पँटचा विचार अजूनही क्वचितच होतो. वास्तविक आठ-दहा तास अंगाशी राहणारा हा कपडा चुकीचा असेल तर मांड्यांना घामोळे येते, ऐन कामात आसन उसवते आणि ठिणगी पडल्यास भाजण्याची जखम अधिक खोल होते.

सोलापूरला हा विषय परका नाही. चादर आणि टॉवेलसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात गणवेश शिवण्याचा मोठा उद्योग उभा राहिला असून येथील शालेय गणवेश राज्याबाहेरही जातात. कामगारांच्या जाड कपड्याला ‘डंगरी’ हे नाव मिळाले तेही मुंबईतील डोंगरीवरून, असे मानले जाते. नवी पेठेत तयार कपड्यांपासून पँटपीसपर्यंत सर्व काही मिळते. प्रश्न आहे तो नेमके काय पाहून घ्यावे, याचा.

सुती की टेरिकॉट?

सुती धागा हवेतील ओलावा आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्क्यांपर्यंत धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरीत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापुरात हा फरक दुपारी बारानंतर चांगलाच जाणवतो. याउलट टेरिकॉट म्हणजे पॉलिएस्टर आणि सूत यांचे मिश्रण. ते लवकर वाळते, आटत नाही आणि घर्षणाला चांगले टिकते. त्यामुळे पाण्यात काम करणाऱ्या प्लंबरला किंवा रोज पँट धुवावी लागणाऱ्याला ते सोयीचे पडते.

आगीजवळ मात्र हिशेब बदलतो. पॉलिएस्टर सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळते आणि वितळलेले कापड कातडीला चिकटते. सुती कापड जळते, पण वितळत नाही. म्हणूनच वेल्डर आणि वायरमन यांनी जाड, शंभर टक्के सुती पँटच वापरावी. अर्थात, साधे सुती कापड म्हणजे अग्निरोधक कापड नव्हे. मोठ्या दाबाच्या विजेवर काम करणाऱ्यांसाठी खास अग्निरोधक कपडे असतात, त्यांना पर्याय नाही.

कापडाचा जाडपणा ‘जीएसएम’मध्ये, म्हणजे एका चौरस मीटर कापडाच्या ग्रॅममधील वजनावर मोजतात. कामाच्या पँटला तिरप्या विणीचे २४० ते २८० जीएसएमचे ड्रिल कापड साधारणपणे योग्य ठरते. त्याहून पातळ कापड गुडघ्यावर लवकर विरते, तर फार जाड कापड उन्हाळ्यात सोसत नाही.

माप उभ्याने, काम बसून

पँटचे माप उभ्याने घेतले जाते. आपल्याकडची बरीच कामे मात्र उकिडवे बसून होतात. बसताना गुडघा आणि बैठक यांवर ताण येतो आणि तो शेवटी आसनाच्या शिवणीवर पडतो. कापड शाबूत असताना पँट आसनात फाटते, ती यामुळेच. त्यामुळे आसन आणि मांडी यांत सैलपणा हवा. पायजम्याला असतो तसा आसनात कापडाचा जोडतुकडा बसवून घेतल्यास ताण एका बिंदूवर येत नाही. तयार पँट घेताना दुकानातच एकदा पूर्ण उकिडवे बसून पाहावे; लाजण्याचे कारण नाही.

ताण पडणाऱ्या जागा भक्कम करण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जेकब डेव्हिस या शिंप्याने खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याच्या रिव्हेट ठोकल्या. लेव्ही स्ट्रॉससोबत त्याचे पेटंट त्याला १८७३ मध्ये मिळाले. जीन्सची कीर्ती तेथून सुरू झाली. आज तेच काम खिशाच्या तोंडाशी घातलेली दाट टाक्यांची पट्टी करते.

कामाप्रमाणे निवड

वेल्डरच्या पँटला खाली दुमड नसावी, कारण ठिणगी तेथेच अडकते. पायाची लांबी बुटावर येईल एवढी असावी आणि खिशांना झाकण असावे. फरशी बसविणाऱ्याने व सुताराने गुडघ्यावर दुहेरी कापड लावून घ्यावे. वायरमनने धातूचे मोठे बकल टाळावे. यंत्रमागावर वा पट्ट्याच्या यंत्राजवळ काम करणाऱ्याची पँट पायाशी घोळदार नसावी, नाडी लोंबती नसावी. चालत्या यंत्राजवळ विशिष्ट कामे करणाऱ्याने अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत आणि ते मालकाने पुरवावेत, अशी तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्यातही होती.

स्वस्त कोणती?

समजा, ४०० रुपयांची पँट चार महिन्यांत फाटली, तर महिन्याला १०० रुपये पडले. ९०० रुपयांची पँट वर्षभर टिकली, तर महिन्याला ७५ रुपये. शिवाय कामाच्या दिवशी पँट उसवून गेलेला अर्धा रोज वेगळाच. दोन पँट आलटून-पालटून वापरल्यास दोन्ही अधिक टिकतात.

खरेदीपूर्वी हे पाहा

- पँट उलटी करून आतली शिवण तपासावी. आसन आणि मांडीला दुहेरी शिवण असावी.
- शिवणीच्या दोन्ही बाजूंनी कापड ओढून पाहावे. टाक्यांत फट दिसल्यास ती पँट नको.
- लेबलवर सूत व पॉलिएस्टर यांचे प्रमाण वाचावे.
- शिवून घ्यायची असल्यास सुती कापड आधी भिजवून, वाळवून मगच शिंप्याकडे द्यावे.
- खिशाचे अस्तर जाड सुती असावे. पट्टी, पक्कड ठेवताना आधी तेच फाटते.
- ताणणाऱ्या कापडाची पँट चालण्या-वाकण्याला बरी, पण ठिणगीच्या कामाला वर्ज्य.