सत्यव्रताची ओंजळ आणि तलावातील मरळ

आषाढ शुद्ध एकादशीला भगवान विष्णू शयन करतात व चातुर्मासास आरंभ होतो. याच भगवंताचा पहिला अवतार मत्स्याचा. कृतमाला नदीत तर्पण करणाऱ्या राजा सत्यव्रताच्या ओंजळीत एक चिमुकला मासा आला आणि मोठ्या माशांच्या भयाने त्याने अभय मागितले, ही भागवतातील कथा आमच्या वाचकांस ठाऊक आहेच.

गोंदिया जिल्ह्यातील तलावांच्या पाळीवर उभे राहिले की आम्हांस ती ओंजळ आठवते. गोंड राजांच्या काळी कोहळी समाजाने हे तलाव बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली व ते शासनाकडे आले. आज त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. माजी मालगुजारी या शब्दांची ही आद्याक्षरे. कोणाच्या मामाचा येथे संबंध नाही!

या पाण्यातील मानाचा मासा म्हणजे मरळ. हवेतूनही श्वास घेत असल्याने ती बाजारात जिवंत मिळते आणि भावही चांगला खाते. पावसाळ्यात मरळीची जोडी पाणवनस्पतींच्या आडोशाला अंडी घालते. पुढे तांबूस पिल्लांचा थवा पाण्याच्या पृष्ठभागाशी फिरतो व त्याखाली जन्मदाते पहारा देतात. हा थवाच त्यांचा घात करतो. तो दिसताच खाली गळ वा जाळे पडते. पालक जातात आणि पिल्ले इतर माशांच्या तोंडी.

मासेमारी हे एकच कारण नव्हे. रोहू-कटल्याचे बीज सोडण्याआधी मरळीसारखे भक्षक मासे काढून टाकण्याची रीत पडली. गवत्या माशाने पाणवनस्पती फस्त केल्या. काठावर बेशरम माजली. परंतु आमच्या घरांचाही यात वाटा आहे, हे सांगितलेच पाहिजे. पुष्कळ कुटुंबे मासे सोडतात ती एकादशीला नव्हे, श्रावणात. तत्पूर्वी आषाढात हौस पुरवून घेतली जाते, आणि नेमकी तेव्हाच मादी अंड्यांनी भरलेली असते.

अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि ढिवर बांधवांनी तलाव सावरण्याचे काम केले. बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या. या कामी ढिवर स्त्रिया पुढे होत्या. कोणत्या वनस्पतीच्या आश्रयाला कोणता मासा येतो, हे ज्ञान ढिवरांच्या घराघरांतले. पाण्यात उतरून त्यांनी ही रोपे हातांनी चिखलात रोवली.