कायदा उठला, धाक उरला

रोडिओ या अमेरिकी खेळात उसळत्या बैलावर एका हाताने धरून आठ सेकंद टिकावे लागते. ॲनी प्रू यांच्या ‘ब्रोकबॅक माउंटन’ (१९९७) या कथेतील जॅक हा असा स्पर्धक, तर एनिस रँचवर, म्हणजे गुरांच्या मळ्यावर, राबणारा गडी. १९६३ च्या उन्हाळ्यात वायोमिंगच्या डोंगरावर मेंढ्या राखताना त्यांचे प्रेम जमते. दोघांनी मिळून रँच चालवावा, हे जॅकचे स्वप्न. एनिस नकार देतो. कारण तसे राहणाऱ्या एका पुरुषाचे छिन्नविच्छिन्न प्रेत वडिलांनी त्याला बालपणी मुद्दाम दाखवलेले असते.

वायोमिंगने समलिंगी संबंध १९७७ मध्ये गुन्ह्यांतून वगळले. धाक मात्र उरला, आणि तो निराधार नव्हता. १९९८ मध्ये त्याच राज्यातील लॅरमी येथे मॅथ्यू शेपर्ड या समलिंगी विद्यार्थ्याला प्राणघातक मारहाण झाली. कायदा एका दिवसात बदलतो; एनिसच्या मनातला पहारा जन्मभर उठत नाही.