बैठक साडेआठची

आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाची बैठक वर्षानुवर्षं रात्री साडेआठला भरायची. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या कुठल्याही मराठी घरात त्या वेळी डोकावा, तवा तापलेलाच दिसेल. पुरुष सतरंजीवर, आम्ही ओट्याशी. दुसऱ्या दिवशी निरोप यायचा, ‘‘काकू, मोदक आणि हळदीकुंकू तुमच्याकडे.’’ वर्गणी, मांडव, हिशेब सगळं ठरून गेलेलं. आम्हाला कुणी अडवलं नव्हतं हो. फक्त वेळ तशी होती.

खरं तर आमचं बडोदं बायकांना पुढे आणण्याच्या बाबतीत मिरवणारं गाव. महाराज सयाजीराव गायकवाडांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेही मुलींसकट. मूल शाळेत धाडलं नाही तर आईबापांना दंड. महाराणी चिमणाबाईंनी 1911 मध्ये एस. एम. मित्र यांच्या सोबतीने स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि 1914 मध्ये बायकांच्या हाताला काम शिकवणारं स्त्री उद्योगालय काढलं. 1927 च्या जानेवारीत पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा अध्यक्षस्थानी त्याच होत्या. पुढे त्याच परिषदेचं अध्यक्षपद भूषवलेल्या हंसा मेहता 1949 मध्ये इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ऐवजी ‘सर्व माणसं’ असा शब्द यावा म्हणून भांडल्या त्या याच.

म्हणजे खुर्ची बाईला इथे कधीच मिळाली. पण 1906 च्या कायद्यातली एक बारीक गोष्ट मला टोचते. मुलींची सक्ती मुलांच्या आधी संपायची. मुलगा वर्गात बसलेला असायचा, तेव्हा त्याच्या बहिणीला घरी राहायची मुभा होती. घरी म्हणजे काय, ते सांगायला नको. पाणी, केरवारे, कडेवरचं धाकटं भावंड. इतक्या पुढारलेल्या कायद्यालाही बाईचा वेळ घराच्या नावावर मांडावासा वाटला, असं मी त्याचं वाचन करते.

तो हिशेब अजून मिटलेला नाही. 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होती, तर ते करणारा पुरुष 97. रोजचा हा तीन तासांहून जास्त फरक. नेतृत्व करायला हुशारी लागते, तसे हे तीन तासही लागतात.

गेल्या वर्षी मी मंडळाला म्हटलं, बैठक रविवारी दुपारी चारला घ्या. ‘‘चारला आमची वामकुक्षी असते,’’ आमचे हे म्हणाले. ‘‘आणि साडेआठला माझी पोळी,’’ मी म्हणाले. हशा पिकला, पण वेळ बदलली. त्या रविवारी सतरंजी कमी पडली. चपला जिन्यापर्यंत आल्या होत्या. उठताना हिशेबाची वही माझ्या हातात आली.

गणपती चार दिवसांवर आले, मांडववाला रात्रीच भेटणार म्हणाला, आणि बैठक पुन्हा साडेआठवर गेली. मी वही घेऊन निघाले. खर्च वाचून दाखवत होते, तेवढ्यात ह्यांचा फोन.

‘‘अगं, खिचडीला शिट्ट्या किती?’’

‘‘तीन,’’ मी म्हणाले, आणि मांडवाच्या आकड्यावर बोट ठेवून पुढे वाचायला लागले.