साथीने हिरावलेले सांत्वन

साथ आली की माणसे मोजली जातात. किती आजारी पडली, किती बरी झाली, किती दगावली, याचा हिशेब सरकारदरबारी ठेवला जातो आणि तो ठेवायलाच हवा. परंतु ज्यांना ताप आला नाही आणि तरीही ज्यांची झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, जीव कशातच रमेनासा झाला, त्यांचा हिशेब कोणत्या वहीत लिहिला जातो? प्रस्तुत लेखात मला या दुसऱ्या हिशेबाचा विचार करावयाचा आहे. माझे गाव चारठाणा. जिंतूर तालुक्यातील हे गाव जुनी मंदिरे, बारव आणि दगडी स्तंभ यांमुळे अभ्यासकांना ठाऊक आहे. पण येथे मी दगडांविषयी न लिहिता माणसांविषयी लिहिणार आहे.

साथ आपल्याला नवी नाही. आपल्या भाषेतच तिच्या खुणा आहेत. प्लेगला आपले लोक ‘गाठीचा ताप’ म्हणत, पटकीला ‘मरीआईचा कोप’ म्हणत आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाला ‘मानमोडी’ हे नाव पडले. त्या एका साथीत हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक माणसे गेली, असे अभ्यासकांचे अंदाज आहेत. प्लेगच्या दिवसांत गावेच्या गावे रानात झोपड्या घालून राहत. पटकी आली की मरीआईचा गाडा सगळे गाव मिळून शिवेबाहेर नेऊन सोडी. या गाड्याने रोगजंतू मरत नव्हते, हे आज शाळकरी मुलालाही कळते. पण भीती एकट्याची राहत नव्हती. ती साऱ्या गावाची होत होती.

कोरोनाच्या साथीत नेमके उलटे घडले. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी ही जागतिक महामारी असल्याचे जाहीर केले आणि २५ मार्चपासून आपल्या देशात टाळेबंदी सुरू झाली. माणसाने माणसापासून दूर राहणे हाच उपाय होता. लस नव्हती, खात्रीचे औषध नव्हते, तेव्हा तो उपाय आवश्यकच होता. तथापि प्रत्येक औषधाचा काही दुष्परिणाम असतो, तसा याही औषधाचा होता. साथीच्या पहिल्या वर्षात चिंताविकार आणि नैराश्य यांचे प्रमाण जगभर सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले. त्यातही स्त्रियांना आणि तरुणांना या वाढीची झळ अधिक बसली.

आता प्रश्न असा की, श्रीमंत देशातील माणसाचे दुःख आणि आपल्याकडील माणसाचे दुःख सारखेच होते काय? एकटेपणा दोघांनाही होता. पण आपल्याकडे त्याच्या जोडीला मजुरी होती. ज्याचे पोट रोजच्या रोजीवर आहे, त्याला ‘घरी थांबा’ या दोन शब्दांचा अर्थ ‘उपाशी थांबा’ असा ऐकू येतो. मराठवाड्यातून ऊसतोडीला गेलेली हजारो माणसे त्या वसंतात साखर कारखान्यांच्या परिसरात अडकून पडली होती. पुढे एप्रिलमध्ये सरकारने त्यांना गावी परतण्याची परवानगी दिली. जालना हे आमच्या भागातल्या पुष्कळांचे कामाचे शहर. तेथून मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे पायी निघालेले १६ मजूर ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रेल्वेरुळावर झोपले असताना मालगाडीखाली सापडले. रुळांवर विखुरलेल्या भाकरींचे ते छायाचित्र ज्यांनी पाहिले, त्यांना भीती, भूक आणि घराची ओढ या तीन वेगळ्या गोष्टी नसतात हे समजावून सांगावे लागणार नाही.

आकडेही हेच सुचवतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार देशात २०१९ मध्ये १,३९,१२३ आत्महत्यांची नोंद झाली. हा आकडा २०२० मध्ये १,५३,०५२ आणि २०२१ मध्ये १,६४,०३३ झाला. २०२१ मधील या मृतांपैकी सुमारे चौथा हिस्सा रोजंदारीवरील मजुरांचा होता. आत्महत्येला एकच एक कारण कधीच नसते, म्हणून ही सारी वाढ साथीच्या माथी मारणे योग्य होणार नाही. पण रोजी जाणे, कर्ज वाढणे आणि बोलायला कोणी नसणे हे ओझे मनावर किती बसते, याची कल्पना यावरून यावी.

मजुरीइतकीच मोलाची आणखी एक गोष्ट साथीने आपल्याकडून हिरावली, आणि तिच्याविषयी फारसे लिहिले गेलेले नाही. आमच्याकडे कोणी गेले की लोक ‘मातीला’ जातात. वैर असले तरी जातात. त्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे आणि सोयरे भाकरी घेऊन येतात. बायका गळ्यात पडून रडतात, गेलेल्याचे गुण सांगत रडतात. पुढे राख सावडणे, दहावा, तेरावा असे दिवस ठरलेले असतात, आणि लांबचा पाहुणा महिन्याने का होईना, पण भेटून जातो. आपण यांना रूढी म्हणतो. त्यांतील खर्चिक आणि जाचक भाग जावा, असे माझेही मत आहे. परंतु ज्या गावात मनाचा डॉक्टर नाही, त्या गावाचा तोच मानसोपचार असतो. दुःखाला वेळ नेमून दिलेली असते, ऐकणारी माणसे नेमून दिलेली असतात.

साथीत अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा आली. कोरोनाने गेलेल्याचा देह पिशवीत बंद होऊन येई; दुरून तोंड पाहता येई, पण शेवटची अंघोळ घालता येत नसे, हात लावता येत नसे. संसर्गाचा विचार करता हे नियम करावे लागले. पण दुःख मात्र तसेच उंबऱ्यावर राहिले. मातीला जाणारेही चुकल्यासारखे झाले आणि ज्यांच्या घरी कोणी आले नाही त्यांना वाळीत पडल्यासारखे वाटले.

यातून मार्ग निघू शकतो, हे पश्चिम आफ्रिकेने दाखविले आहे. गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांत २०१४ ते २०१६ या काळात इबोलाने ११ हजारांवर माणसे नेली. मृतदेहापासून संसर्ग होत असल्याने सुरुवातीला सरकारी पथके देह परस्पर नेत. लोक चिडले, घरातील मृत्यू लपवू लागले. तेव्हा नोव्हेंबर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दफनाची नवी पद्धत सांगितली. तीत सुरक्षिततेइतकाच सन्मानालाही मान होता. कुटुंबाला आणि धर्मगुरूला अंतरावरून का होईना, सामील करून घेतले गेले. लोकांच्या शोकाला जागा दिली की ते नियमही पाळतात, हा त्यातील धडा.

येथे एक खुलासा केला पाहिजे. प्रत्येक दुःख हा आजार नव्हे. शोक हळूहळू ओसरतो. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ दिवसातील बहुतेक वेळ मन खिन्न असेल, झोप आणि भूक गेली असेल, कामात लक्ष लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तो नैराश्याचा विकार असू शकतो. आपल्याकडे तो त्या नावाने येत नाही. ‘धसका घेतला’, ‘हाय खाल्ली’, ‘काळीज धडधडते’, ‘अंगात त्राण नाही’ असे माणूस म्हणतो आणि दवाखान्यात सलाईन लावून मागतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि विकारानुसार शंभरातील ७० ते ९२ जणांना उपचार मिळत नव्हते. ही स्थिती साथीच्या आधीची होती, हे विसरू नये.

मग तज्ज्ञ डॉक्टर गावोगाव येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे काय? मुळीच नाही. गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने साध्या माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसविले. त्यांच्या मदतीने अधिक रुग्ण बरे झाल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. झिंबाब्वेमध्ये डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून वस्तीतल्या आज्यांनाच शिकविले. दवाखान्याबाहेरच्या लाकडी बाकावर बसून त्या दुःख ऐकून घेतात आणि एकेका अडचणीवर तोड शोधायला मदत करतात. आपल्याकडे बाक नसेल, पण पार आहे. आज्या आहेत, आशाताई आहेत. शिवाय १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर केव्हाही विनाशुल्क बोलता येते. हा क्रमांक गावातील प्रत्येक शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहिलेला असावा.

‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण आपण उत्सवाच्या वेळी आठवतो. ती दुःखाच्या वेळीही आठवावी. २०२० आणि २०२१ मध्ये ज्या घरी आपण मातीला जाऊ शकलो नाही, त्या घरी आजही जाता येईल. सांत्वनाची मुदत टळत नसते. जाऊन फार बोलण्याची गरज नाही. गेलेल्या माणसाचे नाव काढावे, घरच्यांना बोलू द्यावे, रडू द्यावे. आणि जर असे वाटले की या माणसाचे दुःख आपल्या ऐकण्याने हलके होण्यापलीकडे गेले आहे, तर त्याला एकट्याला न पाठवता आपण स्वतः त्याच्यासोबत दवाखान्यात जावे.